हौसाक्का, तो कान उजवा होता

हौसाक्का, तुमच्या चंचीत तो कान सापडला.

तुम्हाला शेवटची अंघोळ घालायला आम्ही पाचजणी होतो. रखमा पाणी ओतत होती. कमरेची चंची सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाची तिला हात लावायची हिंमत नव्हती. जिवंतपणी कुणी गमतीनं जरी चंचीला हात घातला तरी तुम्ही मनगट पिरगाळायचात. मी गाठ सोडली. पानं सुकली होती, चुन्याची डबी होती, अर्धं खांड सुपारी होती. आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात चामड्यासारखा कडक झालेला, काळ्या केसांचा एक तुकडा. टोकाला खाच. खाचेत अजून हळद दिसत होती.

मी भिंतीला टेकले. बायकांना वाटलं, मला रडू आवरेना. रडत कुठं होते, आक्का? मला दरदरून घाम फुटला होता. मी तो तुकडा पोलक्यात खुपसला आणि तुमचं लुगडं नीट करायला लागले. तुमचा एक डोळा जरासा उघडा राहिला होता. रखमानं बोटानं दोनदा मिटवला, दोन्हीदा तो उघडला. ती हळूच म्हणाली, "आक्का बघत्यात गं कुनाकडं तरी." मी तुमच्या पायाशी जाऊन बसले.

आज चौदावा दिवस. आपल्या बायकांच्या बचत गटाचं सगळं लिहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडं. तुम्ही बोलायचात, मी लिहायची. दहावी नापास बाई मी, पण तुम्ही मला सचिव केलंत आणि वर सगळ्यांना सांगितलंत, "हिचं तोंड फाटकं हाय, पण अक्षर मोत्यावानी हाय." तुमच्याबद्दल चार शब्द लिहून दे म्हणून साताऱ्याच्या संस्थेच्या बाईंचा फोन आला होता. त्यांना जन्मतारीख, बक्षिसं, असलं काय काय पाहिजे. ते मी त्यांना निराळं लिहून देईन. हे तुमच्यासाठी.

मी लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हा माझ्या नावावर या जगात काहीसुद्धा नव्हतं. रान सासऱ्याचं, घर दिराचं, अंगावरचं डोरलं सासूनं घातलेलं आणि तिनंच काढून घेतलेलं. तुम्ही शेजारच्या. नवरा गेलेला, लेकरूबाळ नाही, पुतण्या रहिमतपुरात. एके दिवशी कुडावरून मान काढून म्हणालात, "शालन, नवऱ्याचं रान, पोराची नोकरी, आन् आपलं काय गं?" मी म्हणाले, "आपलं कपाळ." तुम्ही लय हसलात. मग मला ओढत तुमच्या अंगणात नेलंत. संस्थेनं गटाला पहिल्या पाच शेळ्या दिल्या होत्या, त्यातली एक तुमची होती. तिला नुकतीच मादी झाली होती. ती पाट तुम्ही माझ्या काखेत दिलीत आणि म्हणालात, "हे घे तुझं कपाळ. ही विईस्तोवर हिला पाला घाल."

तिथून ती रीत सुरू झाली. जिला शेळी मिळेल तिनं पहिली मादी, म्हणजे पहिली पाट, पुढच्या बाईला द्यायची. बाकीची करडं तिची. शेळी बाईच्या नावावर, नवऱ्यानं दाव्याला हात लावायचा नाही, आणि गाभण शेळी गटाला विचारल्याशिवाय कुणी विकायची नाही. पाच शेळ्यांच्या तीसच्या वर झाल्या. कुणी त्यातून पत्रा घातला, कुणी शिलाई मशीन घेतली, रखमानं तर नवऱ्याच्या नाकावर टिच्चून स्वतःच्या नावावर अर्धा गुंठा जागा घेतली. तुम्ही म्हणायचात, "बँकेतली ठेव वरडत न्हाई, ही उपाशी ऱ्हायली की वरडती, येवढाच फरक." प्रत्येक पाट तीन महिन्यांची होईपर्यंत तुम्ही तुमच्या अंगणात ठेवायचात, हातानं पाला चारायचात, आणि दुसरीच्या दारात द्यायच्या आदल्या दिवशी तिच्या डाव्या कानाच्या टोकाला ब्लेडनं खाच मारून हळद भरायचात. डाव्या कानाला खाच, म्हणजे शेळी गटाची. मेली तर तो कान कापून बैठकीत आणून दाखवायचा, म्हणजे खोटं बोलायला जागा नको. हा नियम तुमचाच. मी तो माझ्या मोत्यावानी अक्षरात लिहिलाय.

आता मी काय केलं ते. तुम्हाला माहीत आहे, तरी मी लिहिणार आहे, कारण मी ते तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही.

मागल्या सालच्या उन्हाळ्यात माझ्याकडं टिकली होती, माझी पहिली शेळी म्हातारी होऊन गेल्यावर गटानं मला दिलेली दुसरी पाट. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. पहिलटकरीण, चार महिन्यांची गाभण. तिला पाट झाली असती तर ती संगीताची होती. संगीता, आपल्या वस्तीची लेक, नवरा वारल्यावर पोरीला घेऊन माहेरी आलेली. भाऊ-भावजयीच्या घरात पडवीत राहायची. तुम्ही तिला संस्थेकडून जनावरांना लस टोचायचं शिकायला पाठवलंत. पशुसखी म्हणून तिची पेटी आली, पांढरा कोट आला. दर जनावरामागं वीस रुपये मिळायचे. शेळी आली की भावजयीच्या डोळ्यांत सलणं कमी होईल, वेगळी चूल मांडता येईल, येवढाच तिचा हिशोब होता. दीड वर्ष ती पाटेची वाट बघत होती.

आणि माझा विकास सैन्यभरतीसाठी धावत होता. सांगलीच्या अकॅडमीवाल्यांनी सांगितलं, पैसे भरा नाहीतर पोराला खोलीतून काढतो. गटातून उचल मागायची तर बैठकीत तोंड उघडायला लागलं असतं. आणि त्याच महिन्यात मीच रखमाला तिच्या नातीच्या बारशासाठी उचल नाकारली होती, "नियम म्हंजी नियम" म्हणून. काय तोंडानं मागू? मी टिकलीला माहेरी नेते म्हणून टेंपोत घातलं आणि फलटणच्या बाजारात उभी केली. इथं जवळपास विकली असती तर कानावरून कुणीही ओळखली असती. एका लाल पागोट्याच्या धनगरानं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि घासाघीस न करता नोटा मोजून दिल्या. टिकली दोर ताणून माझ्याकडं बघत राहिली. मी पाठ फिरवली आणि एसटीत जाऊन बसले.

येताना रहिमतपुरात खाटकाकडून काळ्या शेळीचा एक कान मागून घेतला. तो म्हणाला, "मावशी, करणी-बिरणी करताय का काय?" मी त्याला चार शिव्या दिल्या. घरी येऊन ब्लेडनं खाच मारली, हळद भरली, चुलीच्या धुरावर जरा सुकवला. बैठकीत पदराआडून काढून तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही तो लय वेळ उलटा-सुलटा करून बघितलात. वास घेतलात. मग काही न बोलता चंचीत टाकलात आणि मला विचारलंत, "कशानं मेली?"

ते मी ठरवून गेलेच नव्हते. कानाचा येवढा विचार केला आणि मरणाचा केलाच नाही. समोर संगीता बसली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिनं वस्तीवरच्या सगळ्या शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचली होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हिनं सुई टोचली, तवापास्नं खाली बसली ती उठलीच न्हाई."

आक्का, मला वाटलं होतं, चार दिवसांत लोक ते विसरतील. पण आपली वस्ती! दुसऱ्याच दिवशी दोन दारं बंद झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, विधवेच्या हाताला काय गुण असणार. मी तेवढं म्हणाले नव्हते, पण जे म्हणत होत्या त्यांना गप्पही केलं नाही. उलट विचारायला आली त्या प्रत्येकीला मी तेच सांगितलं, आणि दर वेळी टिकलीचं मरण जरा जास्त वाईट करत गेले. महिन्याभरात संगीताला एकही जनावर कुणी धरू देईना. तिची पेटी पडवीत धूळ खात पडली. ती ऊस भांगलायला जायला लागली, आणि गटाच्या बैठकीला यायची बंद झाली.

कान उजवा होता, हे मला आठ दिवसांनी कळलं. रखमाची शेळी दारात बसली होती, तिचा डावा कान बघता बघता मला खाटकाकडचा कान आठवला. कान डोक्यापासून वेगळा केला तरी त्याची वळणं बदलत नाहीत. जिनं आयुष्यभर शेळ्यांचे कान हातात धरले तिला अंधारातसुद्धा कळलं असतं. मी त्या रात्री जेवले नाही. उद्या तुम्ही मला बैठकीत उभी करणार म्हणून दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं सोंग केलं. तुम्ही माझ्यासाठी पेज घेऊन आलात. कपाळावर हात ठेवलात, ताप नाही हे तुम्हाला कळलं, आणि तरी म्हणालात, "पड निवांत."

का नाही बोललात, आक्का? मला तुमचा अजून राग येतो. चारचौघांत केस धरून फरफटत नेलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते.

त्याऐवजी तुम्ही ते सुरू केलंत. टिकली पाट असताना तुमच्या अंगणात ज्या खुंट्याला बांधली होती तो खुंटा तुम्ही काढला नाही. त्याच्याजवळ पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवायला लागलात. रोज सकाळी धुवायचं, रोज भरायचं. लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. मी एकदा कुडावरून ओरडले, "आक्का, मेलेल्या शेळीला पानी ठेवताय व्हय?"

तुम्ही म्हणालात, "हिकडं ये, घमेलं बघ. काल काठोकाठ भरलं व्हतं."

चार बोटं पाणी कमी होतं. मी म्हणाले, कावळे पितात, कुत्री पितात, ऊन आहे.

"व्हय, व्हय," तुम्ही म्हणालात. "मेलेलं जनावर पानी पीत न्हाई, शालन. तहान लागती ती जित्त्याला."

"मग कोन पितंय?"

"तेच म्या तुला इचारतीया."

दीड वर्ष आपलं हेच भांडण चाललं. तुम्ही शेळीचं नाव घेत नव्हता, मी संगीताचं नाव घेत नव्हते, आपण दोघी पाण्यावरून भांडत होतो. आणि मी सकाळी दार उघडलं की पहिली नजर त्या घमेल्याकडं जायची. रोज चार बोटं कमी. थंडीतसुद्धा. एकदा मुद्दाम त्यावर परात झाकून आले. सकाळी परात होती तशीच होती आणि पाणी चार बोटं कमी होतं. त्यानंतर मी तिकडची खिडकीच लावून घेतली.

विकासचंही सांगते. धावण्यात पहिला आला, उंची बसली, छाती बसली, आणि डॉक्टरी तपासणीत नापास झाला. उजव्या कानात दोष निघाला. त्यानं फोनवर मला 'उजवा' म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं कालवणाचं पातेलं खाली पडलं. तो आता सांगलीत टेंपो चालवतो, बरा आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

साताऱ्याच्या दवाखान्यात तुमच्याजवळ बसले होते तो आपला शेवटचा दिवस असं मला वाटलं नव्हतं. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. अचानक डोळे उघडून स्वच्छ आवाजात विचारलंत, "शालन, डावा का उजवा?"

मी मोसंबीची साल काढत राहिले. ऐकू आलं नाही असं दाखवलं. तुम्ही हात पुढं केलात. तो घ्यायच्या ऐवजी मी त्यावर मोसंबीची फोड ठेवली. बाहेर येऊन जिन्यात बसले, आत जाऊन सांगून टाकते म्हणून उठले, पुन्हा बसले. वर गेले तेव्हा नर्सबाई पडदा ओढत होती. फोड तुमच्या मुठीत तशीच होती.

आक्का, एक 'उजवा' म्हणायला मला किती वेळ लागला असता?

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. दिवेलागणीची वेळ होती. मी ओट्यावर बसले होते. एकाएकी वस्तीवरच्या सगळ्या शेळ्यांचं ओरडणं थांबलं. आधी मला ते कळलं नाही, नुसतं कानाला काहीतरी रितं लागलं. मग बघितलं तर समोर रखमाची शेळी उठून उभी, पलीकडच्या दोन उभ्या, त्याच्या पलीकडच्याही. सगळ्याच्या सगळ्या शेळ्या दावं ताणून, कान पुढं करून, तुमच्या बंद दाराकडं तोंड करून उभ्या होत्या. एकीनंही आवाज केला नाही. एक बाई अंगणातून चालत खुंट्यापर्यंत जाईल येवढा वेळ. मग एकदमच सगळ्या खाली बसल्या आणि रवंथ करायला लागल्या.

रखमा म्हणाली, "आक्का याच वक्ताला पाला घिऊन फिरायच्या. सवय म्हनायची, दुसरं काय." पण म्हणता म्हणता ती मागं सरून उंबऱ्यात गेली. कारण तिच्या दारातली दोन करडं तुम्ही दवाखान्यात असताना जन्मलेली होती. त्यांनी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. तीही उभी राहिली होती.

रोज असंच. चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी. बायका दिवेलागणीच्या आत दारं लावून घ्यायला लागल्या. मी मात्र बसायची. पोलक्यातला कान मी ज्वारीच्या डब्यात लपवला होता, तिथून काढून चुलीत टाकायला गेले तर हात पुढं होईना. आणि तुमच्या अंगणातलं घमेलं रोज सकाळी भरलेलं असायचं. घराला कुलूप, किल्ली तुमच्या पुतण्याकडं, तो रहिमतपुरात. मी मनाची समजूत घातली, संगीता भरत असेल. तिचं तुमच्यावर आईसारखं प्रेम.

कालच्या तेराव्याला तुमच्या अंगणात जेवणं झाली. योगायोगानं गटाच्या बैठकीचाही दिवस तोच होता, म्हणून भांडी आवरल्यावर बायका तिथंच बसल्या. संगीता आली होती. दीड वर्षानं. फाटकाजवळ, चपला काढतात तिथं टेकली होती. तुमच्या जागेवर कुणी बसेना. दुपार कलली होती, ऊन पिवळं झालं होतं. दिवाळी झाली की फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन खाली कोकणाकडं निघतात, त्यांचा एक कळप गायरानाच्या रस्त्यावर धूळ उडवत होता. घंटा वाजत होत्या, आम्ही लक्ष दिलं नाही.

फाटक करकरलं. एक काळी शेळी आत आली. ती कुणाकडंही न बघता बायकांच्या मधून सरळ चालत गेली. पाय सावकाश टाकत होती, खूप लांबून आल्यासारखी. तुमच्या खुंट्यापाशी थांबली, घमेल्यात तोंड घातलं आणि प्यायला लागली. कपाळावर पांढरा ठिपका होता. डाव्या कानाच्या टोकाला खाच होती.

"आगं आई गं," रखमा बसल्या जागी मागं सरकली. "ही तर मेली व्हती!"

मग जो गलका झाला! एकीनं पोराला पदराखाली घेतलं, एक मीठ-मिरच्या आणायला धावली, एकीनं तर शेळीसमोर हात जोडले. शेळी पीत होती. येवढ्या आरडाओरड्यात तिचा घोट घोट आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. आणि कुणीतरी म्हणालं, कोण ते मी सांगणार नाही, कारण दीड वर्षापूर्वी ते वाक्य मीच तिच्या तोंडात घातलं होतं, "हिच्या सुईनं मेली ती. हिलाच घिऊन जाया आलीया." सगळ्या माना संगीताकडं वळल्या. संगीता उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती पाठीनं फाटक चाचपत होती आणि म्हणत होती, "म्या बरोबर टोचली व्हती. आक्कास्नी म्हाईत हाय. म्या बरोबर टोचली व्हती."

आक्का, त्या घडीला मला काहीच करायला लागलं नसतं. बायकांना भूत चालत होतं. शालन सचिव खोटं बोलली यापेक्षा मेलेली शेळी पाणी प्यायला आली हे त्यांना लय सोपं होतं. मी नुसतं गप्प राहिले असते तर संगीता संध्याकाळपर्यंत वस्ती सोडून गेली असती आणि पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नसतं.

गायरानाच्या वळणावर धूळ खाली बसत होती. धुळीतून एक लाल पागोटं इकडं येताना दिसत होतं. मी उठले. घरात जाऊन ज्वारीच्या डब्यातून कान काढला, परत येऊन बायकांच्या मधोमध जमिनीवर ठेवला.

"ही मेली न्हवती," मी म्हणाले. "म्या इकली. फलटणला. हा कान खाटकाकडचा हाय, आन् तो उजवा हाय. संगीच्या सुईनं कायबी झालं न्हाई."

टिकलीनं घमेलं तळापर्यंत रिकामं केलं आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात धनगर आला. त्यानं मला ओळखलं. "बाय, तुमीच की वं," तो म्हणाला. "काय येड्यावानी करतीया ही! आमाला वरच्या वाटंनं जायाचं व्हतं. परवाधरनं ही कळपाच्या म्होरं पळतीया. आवरंना. शेवटी म्हनलं, जाऊ दे हिच्या वाटंनं." मग जरा थांबून म्हणाला, "धा-बारा दिवस झालं, रोज दिवं लागायच्या वक्ताला हुभी ऱ्हाती आन् हिकडं तोंड करती."

संगीता पुढं झाली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता. "दादा, हिला तवा काय झालं?"

"दोन करडं झाली. बोकड इकला. पाट हाय की कळपात."

ती त्याच्याबरोबर रस्त्यावर गेली, मेंढरांत शिरली आणि ती पाट, आता वाढून काळी शेळी झालेली, कानाला धरून बाहेर काढली. गुडघ्यावर बसून तिच्या पोटाखाली हात घातला. "गाभण हाय," ती म्हणाली. तिनं तो कान मग सोडलाच नाही.

पुढचं लवकर ठरलं. धनगरानं त्या पाटेचा जो भाव सांगितला तो गटातल्या माझ्या बचतीतून द्यायचा आणि पाट संगीताच्या नावावर करायची. माझं सचिवपद काढलं, रखमानं हात वर करून काढलं, आणि बरोबर केलं. पण नवीन सचिवाला लिहिता येईना, म्हणून 'शालननं शेळी विकून खोटा कान दाखवला' हा ठराव शेवटी मलाच लिहायला लागला. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं. संगीता म्हणाली, येवढ्यावर भागणार नाही. ज्या ज्या दारात मी तिच्या सुईबद्दल सांगितलं त्या त्या दारात तिच्यादेखत जाऊन खरं सांगायचं. आम्ही गेलो. ती अंगणात उभी राहायची, मी उंबऱ्याशी. एकोणीस दारं झाली.

वाटेत मी तिला म्हणाले, "आक्का गेल्यावर बी तू घमेलं भरत व्हतीस, बरं केलंस."

ती थांबली. "म्या? मला वाटलं, तुमी भरताय."

आम्ही दोघींनी तुमच्या अंगणाकडं वळून बघितलं. मग पुढच्या दारात गेलो.

टिकली धनगराबरोबर गेली, आक्का. तिला ठेवून घ्यायला माझ्याकडं आता ना पैसा ना तोंड. तिनं मागं वळून बघितलं नाही.

आज सकाळी संगीता पांढरा कोट घालून, पेटी घेऊन माझ्या दारात आली. कोटाला घड्या पडल्या होत्या. "काकी, म्हस धरा," म्हणाली. लाळ-खुरकतची लस टोचायची होती. मी म्हशीची मान धरली. तिनं मांडीवर दोन बोटांनी कातडं चिमटलं, सुई घातली, काढली. हात जरासुद्धा हलला नाही. म्हशीनं शेपटीसुद्धा उडवली नाही. येवढं सफाईचं काम मी दीड वर्ष बंद पाडलं होतं. मला राहवेना.

"संगे," मी म्हणाले, "माफ केलंस का गं मला?"

तिनं सुई डबीत ठेवली, डबी पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली. मग माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "काकी, तुमी काल धनगर दिसायच्या आदी उठला का दिसल्यावर?"

मी म्हशीचा कासरा सोडायला लागले.

"तेवढं सांगा, मग बघू," ती म्हणाली. "वीस रुपय झालं."

मी वीस रुपये दिले. ती रखमाच्या दाराकडं गेली, तिथं म्हशी आधीच बांधून ठेवल्या होत्या. आक्का, तेव्हापासून मी हे लिहीत बसले आहे. तुम्ही काल तिथं अंगणात असाल तर मी कधी उठले ते तुम्ही बघितलं असेल. मला ठाऊक नाही.